ओझं लावून बघा, वैनी

बंद पडलेल्या वस्तूची भाऊजींना कधी भीती वाटली नाही. त्यांना भीती वाटायची ती चालू असलेल्या वस्तूची. "बंद पडलेलं निदान कळतं तरी, वैनी," ते म्हणायचे, "चालू हाय त्याचं काय खरं न्हाई." शनिवारी वेल्ह्याहून एसटीनं भोरला उतरले, की खांद्याला पिशवी आणि कपाळाला आठ्या, असे ते आळीच्या तोंडाशी दिसायचे. उंबऱ्याबाहेर चपला काढता काढता पहिला प्रश्न, "चालू हाय का?" म्हातारी आई कशी आहे, भाऊ कुठे आहे, हे सगळं नंतर. मी म्हणायची, "आम्ही सगळे चालू आहोत. आधी पाणी घ्या." पण तोवर त्यांची नजर माझ्या मुलीच्या छातीवर बांधलेल्या डबीवर जाऊन बसलेली असायची.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वेल्ह्याच्या कचेरीत कारकून होते, तिथेच एक खोली घेऊन एकटे राहायचे आणि शनिवार-रविवार आमच्याकडे भोरला यायचे. आळीत त्यांना सगळे 'सेलवाले' म्हणत. कॉलेजात असताना त्यांनी साबणाच्या डबीत रेडिओ बसवला होता आणि तेव्हापासून त्यांना जो नाद लागला तो सुटला नाही. ट्रान्झिस्टर, डायोड, तांब्याच्या तारा, जुन्या रेडिओचे तुकडे यांनी त्यांची ट्रंक भरलेली. वेल्ह्याच्या खोलीत वीज नव्हती, तर चुलीत तापवलेल्या खिळ्यानं तारांच्या जोडांना कथलाचा डाग द्यायचे. बाकीच्यांना छंदातून आनंद मिळतो, यांना काळजी मिळायची. रेडिओ सुरेल लागला, की सगळे मान डोलवायचे आणि हे एकटे मागची पाटी उघडून सेल चाचपत बसायचे.

त्याला कारणही होतं म्हणा. भोंगवलीला चुलतभावाचं लग्न होतं. भाऊजींनी नव्या पँटच्या एकाच खिशात नऊ व्होल्टाची चौकोनी बॅटरी आणि किल्ल्यांचा जुडगा टाकलेला. भंतेजी वधूवरांना शील देत होते, मांडव शांत, आणि मधेच भाऊजी "आयं गं!" करून उभेच्या उभे उडाले. बॅटरीच्या दोन्ही टोकांना किल्ली आडवी लागली होती आणि मांडीला चांगलाच चटका बसला होता. नवरीकडच्या बायकांनी त्यांच्याबद्दल काय समज करून घेतला कोण जाणे, पण त्या गावातून त्यांना पुढे एकही स्थळ आलं नाही. तेव्हापासून सेल डाव्या खिशात, किल्ल्या उजव्या खिशात. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. भाऊजी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

मी त्यांच्या या स्वभावाची भरपूर थट्टा करायची. पण पुढे अशी वेळ आली, की त्या भीतीचा मला आधारच वाटायला लागला.

माझी मुलगी सुजाता. हिर्डोशीला, माझ्या माहेरी, दीड वर्षाची असताना तिला मोठा ताप आला. ताप उतरला आणि पोर खेळायला लागली, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. ताप तिचे कान घेऊन गेला हे आम्हाला फार उशिरा कळलं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बाई, कान पूर्ण गेलेले नाहीत, थोडे उरलेत. त्या थोड्यावर बोलणं उभं राहू शकतं. पण ते आत्ताच. शाळेच्या वयापर्यंत तिच्या कानात जेवढे शब्द पडतील तेवढेच तिचे. यंत्र झोपेपर्यंत कानात पाहिजे." आणि त्यांनी आगपेटीहून जरा मोठी अशी एक डबी दिली. ती छातीवर बांधायची, तिची वायर कानात घालायच्या बटणापर्यंत जायची आणि आत एक पेन्सिल सेल.

ते यंत्र पहिल्यांदा घरी आलं तेव्हा सगळी आळी बघायला जमली. भाऊजींनी मात्र हात मागे बांधून ते लांबूनच पाहिलं. एरवी कुणाचाही रेडिओ दिसला की मागची पाटी उघडणारा हा माणूस! मी म्हटलं, "उघडून बघा की, तुमच्याच विषयातलं आहे."

"नको वैनी," ते म्हणाले. "माझ्या हातनं काय झालं तर दुसरं कुठनं आणायचं?"

पण सेलचं खातं त्यांनी न सांगता आपल्याकडे घेतलं. सेल निवडावा तर भाऊजींनी. दुकानदारानं पुढे केलेला पहिला सेल ते कधीच घ्यायचे नाहीत. आधी तो बुडाकडून बघायचे, तिथे पांढरी भुकटी धरली असेल तर परत. मग कागद ओलसर लागतो का ते अंगठ्यानं चाचपायचे. मग दाब मोजायचा मीटर लावायचा. दुकानदार वैतागून म्हणायचा, "अवो सेलवाले, सोन्याचा हाय व्हय?" भाऊजी शांतपणे सांगायचे, "सोनं फुटून पानी सोडत न्हाई. ह्यो सोडतो. यंत्रात सोडलं तर यंत्र खाऊन टाकील." जुना माल, पावसाळ्यात सर्दावलेला माल त्यांना नुसत्या वासानं कळायचा. आठवडाभर पुरतील एवढे सेल ते बिस्किटाच्या डब्यात ठेवून जायचे. वापरलेले सेल दुसऱ्या डब्यात जमा व्हायचे, कारण त्यातली कार्बनची कांडी त्यांना कशाला ना कशाला लागायची.

त्या आषाढात पाऊस असा काही लागला, की पुण्याचा माल भोरला येईना. दरड पडून वेल्ह्याची गाडीही बंद. भाऊजी एका शनिवारी आलेच नाहीत. डब्यात सेल संपत आले तशी माझी धारण पाचावर बसली. सासूबाईंना ते दिसत होतं. त्या भोंगवलीच्या. तिकडे विजेरीचे सेल संपले की चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या तोंडावर, शेकवून पुन्हा घालायची रीत. घरोघर तेच चालायचं आणि विजेरी पुन्हा चार दिवस लागायची. माझी घालमेल बघून त्यांनी वापरलेल्या डब्यातले बरे दिसणारे सेल काढले, वैलावर छान शेकवले, पुसले आणि नव्यांच्या डब्यात नेऊन ठेवले. नातीसाठी आपल्याला जमेल ते केलं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही.

त्या आठवड्यात सुजाता हट्टी झाली. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. मी रोज सकाळी यंत्र बांधून पाठीमागून हाक मारायची, ती वळायची, आणि माझा जीव भांड्यात पडायचा. पण थोड्या वेळानं कितीही बोलवा, ढिम्म. ताटली वाजवली तरी मान वर नाही. कोपऱ्यात बसून बाहुलीच्या झिंज्या ओढत राहायची. आमचे हे शाळेत मास्तर, पोरांना वठणीवर आणायची सवय. त्यांनी तिला दोनदा दटावलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग रडायला लागली.

पुढच्या शनिवारी रस्ता मोकळा झाला आणि भाऊजी आले. मी सगळं सांगितलं. सुजाताची अंघोळ चालली होती, यंत्र फडताळावर काढून ठेवलं होतं. त्यांनी सेल बाहेर काढला, मीटर लावला. काटा ऐटीत जागेवर गेला. "सेल चांगला हाय, वैनी," ते म्हणाले. "पोरगीच हट्टाला पेटलीय. वय हाय तिचं." आम्ही सगळ्यांनी मान हलवली. मीटर काय खोटं बोलणार?

तो आणखी एक आठवडा तसाच गेला. पुढच्या खेपेला भाऊजींनी काय मनात आलं कोण जाणे, भर दुपारी खेळत असलेल्या सुजाताच्या कानातून ते बटण अलगद काढलं आणि स्वतःच्या कानाला लावलं. मी समोरच तांदूळ निवडत होते. त्यांचा चेहरा असा उतरला, की माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"बोला काहीतरी," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"मोठ्यानं बोला!"

मी ओरडलेच. त्यांनी बटण काढलं. "वैनी, ह्यात काय सुद्धा न्हाई. पार मुकं हाय हे."

मग हळूहळू सगळं उलगडलं. शेकवलेला सेल वर वर भरल्यासारखा दिसतो, त्याच्यात दम नसतो. काम पडलं की थोड्या वेळात बसतो. रात्रभर विसावा मिळाला की सकाळी पुन्हा उभा राहतो. म्हणून माझी सकाळची हाक तिला ऐकू जायची. मी कामाला लागायची आणि तिचं जग बंद व्हायचं. मोठं माणूस सांगेल तरी, की बाबा ऐकू येत नाही. तिला आवाज आहे म्हणजे काय आणि गेला म्हणजे काय, हेच कुठे कळत होतं? दोन आठवडे माझी पोर सुन्न शांततेत बसली होती आणि आम्ही तिला हट्टी म्हणत होतो.

सासूबाई कपाळावर हात मारून घ्यायला लागल्या. "म्या मुडदीनं केलं गं हे! म्या शेकवलं!" भाऊजींनी त्यांचे हात धरले. "आयं, तुझं काय चुकलं? तू सेल शेकवला. मीटर माझा व्हता. म्या त्याला काम न देता इचारलं, कसा हाईस? रिकाम्या बसलेल्याला इचारलं तर तो बराच हाय म्हननार की."

त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी एक वाक्य कायमचं बसलं. "ओझं लावून बघा, वैनी." विजेरीच्या बल्बला त्यांनी दोन वायरी जोडून दिल्या. आधी बल्ब सेलला लावायचा, तो पेटता ठेवायचा आणि मग मीटर बघायचा. काटा खाली सरकला की सेल बाद, भले नुसता ठेवल्यावर तो कितीही रुबाब दाखवो. आणि नुसतं सकाळी नाही, दुपारी आणि दिवेलागणीलाही आपला कान लावून ऐकायचं. पुढे हे वाक्य ते कशालाही लावायला लागले. मामेबहिणीसाठी पाहिलेलं स्थळ, नवा पाट, कचेरीत आलेला गोडबोल्या साहेब, सगळ्यांना एकच माप. "बोलतो चांगला. ओझं लावून बघा."

पण घडलं ते त्यांच्या मनातून जाईना. पेन्सिल सेलवरचा त्यांचा विश्वासच उडाला. आता मोटारसायकलची सहा व्होल्टाची बॅटरी आणायची, ती भोरच्या विजेवर भरून ठेवायची आणि तिच्यावर यंत्र चालवायचं, असं त्यांनी मनावर घेतलं. अडचण एवढीच, की यंत्राला हवेत दीड आणि बॅटरी देणार सहा. मधे राखणदार पाहिजे, जो चढलेला दाब अडवून दीडच पुढे सोडील. त्याला ते रेग्युलेटर म्हणायचे. पुण्याला बुधवार पेठेतली दुकानं पालथी घातली. झेनर म्हणून मण्याएवढा एक तुकडा असतो, तो दाब धरून ठेवतो, पण इतक्या कमी दाबाचा मिळेना. मग साधे तीन डायोड एकापुढे एक जोडून, त्यांच्या आधारानं एक ट्रान्झिस्टर लावून त्यांनी राखणदार तयार केला. मीटरवर दीड. बल्बचं ओझं लावलं तरी दीड. मला वाटलं, सुटलो.

भाऊजी मात्र त्याच्याकडे बघत बसले. "वैनी, ह्यो चालू हाय. पन मरंल तवा कसा मरंल?"

"म्हणजे?"

"वाट बंद करून मेला तर नुसतं मुकं. वाट उघडी टाकून मेला, तर सहाच्या सहा आत जातील."

हे कळायला त्यांनी रेडिओच्या जुन्या तुकड्यांतून तसंच एक खोटं यंत्र बनवलं, त्याला कानातलं बटण लावलं आणि ते स्वतःच्या कानात घातलं. मग राखणदाराला मुद्दाम जास्त काम देऊन जाळलं. मी पोळ्या लाटत होते. धपकन आवाज आला म्हणून धावले, तर भाऊजी खाली बसलेले, बटण लांब फेकलेलं, एक हात कानावर. चेहरा पांढराफटक. "फटाका फुटावा तसं झालं," ते म्हणाले. सुजाता त्यांच्या मांडीत येऊन बसली, ते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

झालं, तिथून राखणदारावर राखणदार सुरू झाले. आधी बारीक तारेचा फ्यूज आला. मग फ्यूज वेळेत उडाला नाही तर, म्हणून दुसरं काहीतरी. त्याच्यावर तिसरं. दर शनिवारी लाकडी फळीवर जोडलेलं ते प्रकरण वाढत चाललं. इकडे सुजाता त्याच बेभरवशाच्या पेन्सिल सेलवर, आणि तिचं शाळेचं वय जवळ येत चाललेलं. तोंडातून अजून एक धड शब्द नाही. एक दिवस त्या बॅटरीतलं ॲसिड सांडून माझ्या पातळाला भोकं पडली आणि माझा तोल सुटला. "भाऊजी, तुमची राखण पुरी होईस्तोवर माझ्या पोरीचं वय निघून जाईल! तुम्हाला भ्यायला अख्खा जन्म आहे. तिला नाही."

आळीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी बोलले होते. त्यांनी मान खाली घातली, न जेवताच वेल्ह्याला निघून गेले. सासूबाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं, पण बोललेलं खोटं होतं असं मला आजही वाटत नाही.

पुढच्या शनिवारी ते आले ते हातात एक लाकडी कांडी घेऊन. बरोबर पेन्सिल सेलएवढी, दोन्ही टोकांना पितळी टाचण्या आणि टाचण्यांपासून निघालेल्या दोन वायरी. ती कांडी त्यांनी यंत्रात सेलच्या जागी बसवली आणि वायरी विजेरीच्या जाड सेलला जोडल्या. बस्स, एवढंच.

"राखणदार कुठं गेला?" मी विचारलं.

"काढला. वैनी, मी येडाच. सहा आनायचे आन मग दीड करत बसायचं. जाड सेल पन दीडचाच असतो की. दम मोठा, दाब तोच. जे बिघडू शकतं ते ठेवायचंच न्हाई मधी." मग जरा थांबून, इकडे तिकडे बघत म्हणाले, "तुमी बोलला ते बरं केलं."

जाड सेल भोरमध्ये कुठेही मिळायचा. वेळप्रसंगी हिर्डोशीच्या टपरीवरसुद्धा. सासूबाईंनी त्यासाठी जुन्या लुगड्याच्या काठाची पिशवी शिवली, ती सुजाताच्या गळ्यात. पिशवी जड होती, पोरं हसायची, पण सेल आठवडेच्या आठवडे चालायचा. भाऊजींची भीती मात्र तसूभर कमी झाली नाही. वायर तुटली तर? टाचणी गंजली तर? ओळखीच्या कंडक्टरच्या हाती ते अधेमधे निरोप पाठवायचे, "सेलवाल्यांनी इचारलंय, दुपारचं बघितलं का?" स्टँडवरचे हमालसुद्धा मला बघून विचारायचे, "बाई, दुपारचं बघितलं का?"

आणि एक दिवस आम्ही स्टँडवर उभे असताना पासलीची गाडी हॉर्न देत आत वळली. सुजातानं तिच्याकडे पाठ केलेली होती. ती गर्रकन वळली आणि म्हणाली, "बस." जाड, नाकातून आलेला, पण स्वच्छ शब्द. "बस." भाऊजी माझ्याशेजारी उभे होते. आनंदानं उडी मारावी की नाही माणसानं? ते खाली वाकून पिशवी चाचपायला लागले. "सेल कवा बदलला व्हता?" विचारताना त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललेलं होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

शब्द मग येत राहिले. अडखळत, तुटत, पण आले. तिच्या बोबड्या बोलण्याला हसणारी पोरंही हळूहळू तिच्याशी बोलायला लागली. ती भोरच्या साध्या शाळेत गेली, पहिल्या बाकावर बसून शिकली. काकाशी तर तिची अखंड बडबड. भाऊजींनी लग्न केलं नाही. विषय काढला की म्हणायचे, "मला घेऊन कोन निभावंल? ओझं हाय मी."

ते गेले तेव्हा सुजाता चौथीत होती. वेल्ह्याला कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्याच छातीत कळ आली. सगळ्या वस्तूंची काळजी करणाऱ्या माणसानं स्वतःच्या छातीकडे कधी बघितलं नव्हतं. कचेरीतली माणसं भर दुपारी जीपमधून त्यांना घेऊन आली. सासूबाईंनी जो हंबरडा फोडला तो आळीनं तोवर ऐकला नव्हता. बायका जमल्या, त्यांचा आकांत सुरू झाला. ओसरीवर पुरुषांनी त्रिसरण-पंचशील म्हणायला सुरुवात केली.

मी सुजाताला शोधत होते. ती आतल्या दारात उभी होती, भिंतीला पाठ लावून. गळ्यात पिशवी, डोळे मोठे झालेले. असा आवाज तिच्या कानात कधीच पडला नव्हता. माझ्या मनात आलं, एवढीशी पोर, हिच्या कानावर हे कशाला? बंद करता येतं तर निदान आजच्यापुरतं बंद करावं. मी वाकले आणि डबीच्या खटक्यावर बोट ठेवलं.

तिनं माझा हात घट्ट धरला.

"आई, नको बंद करू," ती तिच्या त्या जाड आवाजात म्हणाली. "सगळे काकासाठी रडतायत ना? मला ऐकू दे."

मी बोट काढून घेतलं. मघापासून दाबून धरलेलं रडू मग मला आवरलं नाही. मी तिला जवळ घेतलं आणि रडले, मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं.